स्वस्तातलं स्वयंपाकघर
मंडळी, वांगी घेताना चार उलटून पाहणारी आपण माणसं. कॉन्ट्रॅक्टर मात्र आम्ही दोघांनी एका फोनवर ठरवला. भाव सर्वांत कमी, बोलणं गोड! आठ हजार डॉलर आगाऊ घेतले, जुनं सिंक-कपाटं उखडली आणि स्वारी गायब. आई नुकतीच भारतातून आलेली. दोन महिने बाथटबपाशी वाकून भांडी घासली, पण एका शब्दाने बोलली नाही. तेच जास्त लागलं.

मग कळलं, कॅलिफोर्नियात १० टक्के किंवा १००० डॉलर, यांत कमी असेल त्याहून जास्त आगाऊ रक्कम सहसा घेताच येत नाही! दुसऱ्या वेळी राज्याच्या मंडळाकडे लायसन्स तपासलं, त्याने केलेली दोन स्वयंपाकघरं पाहून आलो.

नव्या सिंकपाशी आई म्हणाली, "उभ्याने भांडी घासायचं सुख विसरलेच होते गं!"