रकान्यातले नाव

'विमा' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. त्याच्या मुळाशी आहे 'बीम', म्हणजे भय. वर्गात शब्दांची कुळे सांगताना आम्ही हे उदाहरण हमखास देतो आणि विद्यार्थी हमखास हसतात. जाहिरातींतला विमा त्यांना ठाऊक असतो: हसरे आईवडील, पदवीचा झगा घातलेली मुलगी, नव्या घराची किल्ली. आयुर्विमा महामंडळाच्या बोधचिन्हात दोन तळहातांच्या आडोशाला जपलेली ज्योत आहे; ज्या वाऱ्यापासून ती जपायची तो वारा चित्रात नाही. शब्द मात्र तो वारा पोटात घेऊन हिंडतो.

आम्ही लष्कराच्या एज्युकेशन कोअरमध्ये बावीस वर्षे काढून २०२३ साली हवालदार म्हणून निवृत्त झालो. सध्या वसईतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो. या बावीस वर्षांत आयुर्विम्याचा विचार आम्ही एकदाही केला नाही, आणि त्यात आमचा निष्काळजीपणाही नव्हता. आर्मी ग्रुप इन्शुरन्स फंडाची योजना १ जानेवारी १९७६ पासून चालू आहे. तिचा हप्ता पगार हाती येण्यापूर्वीच कापला जातो. त्यामुळे आमच्या मरणाची किंमत दिल्लीत कुणीतरी ठरवलेली होती, पगारपत्रकात ती एका ओळीत छापलेली होती, आणि ज्या गोष्टीची सोय झाली आहे तिचा विचार करायचा नाही ही फौजेची पहिली शिकवण होती.

निवृत्तीनंतर ती ओळ पुसली गेली. पूर्ण नाही. फंड निवृत्तीच्या वेळी एकरकमी हप्ता कापून पुढील काही वर्षांसाठी विस्तारित संरक्षण देतो. पण त्याची रक्कम आमच्या गृहकर्जाशेजारी ठेवली की लहान दिसते. निवृत्तिवेतनाचे गणितही तसेच. आम्हांला शेवटच्या वेतनाच्या निम्मे मिळते, आणि त्यातलाही काही भाग विकून आम्ही वसई पश्चिमेच्या घराची पहिली रक्कम भरली. तो भाग पंधरा वर्षांनी परत सुरू होईल. आम्ही गेलो तर पत्नीला शेवटच्या वेतनाच्या तीस टक्के. पहिली काही वर्षे वाढीव दर असतो, आमच्या सदुसष्टाव्या वर्षाच्या पुढे तो जात नाही. आमचे वय सेहेचाळीस, मुलगी बारावीत, मुलगा आठवीत, कर्जाची अठरा वर्षे बाकी. पन्नास आणि तीस यांच्यामधले अंतर वहीवर मांडले तेव्हा 'बीम' या शब्दाचा अर्थ आम्हांला पहिल्यांदा कोशाबाहेर भेटला.

२०२५ च्या दिवाळीच्या सुमारास एक एजंट घरी आले. महाराष्ट्रात फौजी माणसाला सरसकट 'मेजर' म्हणण्याची रीत आहे, तिला अनुसरून ते म्हणाले, "मेजर, आत्ताच घ्या. सप्टेंबरपासून हप्त्यावरचा अठरा टक्के जीएसटी गेला." ते खरेच होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरील कर शून्य झाला आहे. परंतु त्यांनी पुढे सरकवलेली पॉलिसी बचतीची होती. वीस वर्षांनी पैसे बोनससह परत. संरक्षण मात्र आमच्या कर्जाच्या निम्मेही नाही. आम्ही शुद्ध मुदतीच्या विम्याबद्दल विचारले. तेवढ्याच हप्त्याच्या लहानशा भागात तो कित्येक पट संरक्षण देतो. त्यांचा चेहरा पडला. "टर्ममध्ये जगलात तर काहीच परत मिळत नाही हो. पैसे वाया."

हे 'वाया' आमच्या मनात बरेच दिवस राहिले. ज्याने आयुष्यात एकदा तरी रात्रीचा पहारा दिला आहे त्याला या वाक्यातली चूक समजावून सांगावी लागत नाही. दोन ते चारचा पहारा संपवून, काहीही न घडता संत्री परत येतो, तेव्हा रात्र वाया गेली असे कुणी म्हणत नाही. काहीच घडले नाही हीच त्या पहाऱ्याची कमाई असते. मुदतीच्या विम्याचा हप्ता असा पहारा आहे. बचत करायची तर ती वेगळी करावी. पहारेकऱ्याच्या डोक्यावर धान्याचे पोते देऊ नये. हा निर्णय आम्ही स्वतः घेतला आणि त्याचा थोडा अभिमानही वाटला. अभिमान पुढच्याच पानापर्यंत टिकला.

प्रस्तावाचा फॉर्म हा एक विचित्र साहित्यप्रकार आहे. आत्मचरित्र लिहिणाऱ्याला जे वगळण्याची मुभा असते नेमके तेच इथे विचारतात. बापाला काय आजार होता, आई कशाने गेली, तुम्ही काय पिता, काय ओढता. त्यात रक्तदाबाचा प्रश्न होता. निवृत्तीपूर्वीच्या रिलीज मेडिकल बोर्डात आमचा रक्तदाब वाढलेला आढळला होता, आणि रोज सकाळी आम्ही एक गोळी घेतो. एजंट म्हणाले, "नाही लिहा. फौजी माणूस फिट असतो असंच समजतात. आणि तीन वर्षं गेली की कायद्यानेच कुणी विचारू शकत नाही."

कायदा त्यांनी बरोबर सांगितला होता. १९३८ च्या विमा कायद्याचे कलम ४५, २०१५ साली दुरुस्त झाल्यापासून, पॉलिसीची तीन वर्षे उलटल्यावर तिच्यावर कोणत्याही कारणाने शंका घेऊ देत नाही. हे कलम विमेदाराच्या रक्षणासाठी आहे. त्यांनी ते खोटे बोलण्याचे वेळापत्रक म्हणून वाचले. आम्ही विचारले, "त्या तीन वर्षांत आम्ही गेलो तर?" ते हसले. "असं अभद्र बोलू नका, मेजर." विमा विकणारा माणूस मरण अभद्र मानतो, याचे आम्हांला नवल वाटले. तरी खरे सांगायचे तर आमचा हात 'नाही'कडेच झुकत होता. 'होय' लिहिले की तपासण्या, वाढीव हप्ता, कदाचित नकारही. फॉर्म तसाच टेबलावर ठेवून आम्ही एजंटांना पुढच्या आठवड्यात बोलावले.

रविवारी सकाळी आम्ही वसईच्या किल्ल्यात फिरायला जातो. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांच्या फौजेने तो घेतला. मराठी माणसाला ते वर्ष आठवते. याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने जो तह केला तो आठवायला आपल्याला कमी आवडते. त्या ऑक्टोबरात हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजा मोडल्या होत्या, आणि बाजीराव भयाने इथवर आला होता. इंग्रजांनी त्याला किमान सहा हजार पायदळाचे कायम संरक्षण दिले आणि त्याच्या खर्चापोटी सव्वीस लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख घेतला. त्या सकाळी पडक्या भिंतींमधून हिंडताना आम्हांला तो तह म्हणजे भयाच्या भरात सही केलेली पॉलिसी वाटला. हप्ता मुलखाचा, आणि संरक्षण देणाराच पुढे वारस. आजच्या विमेदाराला कागद हाती आल्यापासून तीस दिवस फेरविचाराला मिळतात. बाजीरावाला ती सवलत नव्हती; मिळाली असती तरी ती वापरण्याइतके धैर्य त्याच्यापाशी होते असे इतिहास सांगत नाही.

पण पेशवाईच्या कागदांत आणखी एक शब्द आहे आणि तो आम्हांला अधिक जवळचा वाटतो: बालपरवेशी. कामी आलेल्या शिपायाच्या मागे राहिलेल्या मुलाबाळांच्या पोटापाण्यासाठी सरकारातून होणारी तजवीज. 'विमा' या शब्दात भ्यालेला माणूस दिसतो. 'बालपरवेशी'त मागे राहिलेले मूल दिसते. एकाच गोष्टीची ही दोन नावे आहेत, आणि फॉर्म भरताना आपण यांपैकी कोणता शब्द मनात धरतो यावर उत्तरे बदलतात.

घरी येऊन फॉर्म पुन्हा उघडला तो थेट शेवटच्या पानावर. तिथे नॉमिनीचा रकाना होता, आणि तिथे आमचे पेन थांबले. ज्याबद्दल आम्ही आजवर कुठेही लिहिले नाही ते इथे लिहिले पाहिजे.

२००९ साली आमची नेमणूक एका पलटणीत होती. मराठी जवान आम्हांला 'मास्तर' म्हणत. नकाशावाचन आणि बढतीच्या परीक्षा शिकवणे हे आमचे काम. पण कागद भरून घ्यायलाही मुले आमच्याकडेच येत. त्यांतला एक जण लग्न करून सुट्टीवरून परतला. लग्नाची पार्ट टू ऑर्डर निघायची होती, आणि विम्यात भरतीच्या दिवशी लिहिलेले आईचे नाव होते तिथे बायकोचेही नाव घालायचे होते. तो कागद घेऊन आला तेव्हा संध्याकाळ झाली होती. आम्ही म्हणालो, "ठेव, उद्या करू." कागद आम्ही टेबलाच्या खणात ठेवला. उद्याचे परवा झाले, मग एक परीक्षा आली. तीन आठवड्यांनी डोंगरी रस्त्यावर त्याची गाडी दरीत गेली.

विम्याची रक्कम आईच्या नावाने गेली. ती माउली वाईट नव्हती. पण घर एकत्र होते, कर्ज होते, थोरला भाऊ होता. रक्कम घरात जिरली. बायकोचे नाव कुठल्याच कागदावर नसल्यामुळे तिचे निवृत्तिवेतन सुरू व्हायला कित्येक महिने लागले. ते महिने तिने माहेरी काढले आणि परत सासरी गेली नाही. खणातला तो कागद आम्ही पुढे पाठवला तेव्हा त्यावर त्याची सही होती. आमच्याकडून फक्त तो वेळेवर जायचा राहिला होता. चौकशीत कुणी आमचे नाव घेतले नाही. घ्यायला हवे होते.

नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, तो रक्कम केवळ स्वीकारतो, असे सर्वोच्च न्यायालयाने सरबती देवी खटल्यात १९८३ साली म्हटले होते. २०१५ च्या दुरुस्तीने आईवडील, पतिपत्नी किंवा मुले नॉमिनी असतील तर त्यांना लाभाचा हक्क दिला. तेव्हापासून त्या रकान्यातल्या नावाचे वजन वाढले आहे. परंतु आम्ही शेवटी आणखी जुन्या कायद्याकडे वळलो. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याप्रमाणे नवऱ्याने पत्नी आणि मुलांच्या लाभासाठी स्वतःच्या आयुष्याची पॉलिसी घेतली, तर तो विश्वस्तनिधी ठरतो. नवऱ्याच्या सावकारांचा त्यावर हात पडत नाही, आणि पुढे मन बदलले म्हणून नवऱ्यालाही नावे बदलता येत नाहीत. पॉलिसी घेतानाच तसे लिहून द्यावे लागते, मागाहून नाही. आम्ही तसे लिहून दिले. स्वतःच्या 'उद्या करू'पासून मुलांना वाचवण्याचा याहून चांगला मार्ग आम्हांला दिसला नाही.

मग पाने उलटून रक्तदाबाच्या प्रश्नाशी आलो आणि 'होय' लिहिले. गोळीचे नाव लिहिले, मेडिकल बोर्डाच्या कागदाची प्रत जोडली. 'नाही' लिहिणे म्हणजे पुन्हा एकदा कागद खणात ठेवण्यासारखेच होते; फक्त या वेळी तो उघडणारी बाई आमच्या घरातली असती. तपासण्या झाल्या आणि हप्ता वाढून आला. एजंट हळहळले. आम्ही पहिला हप्ता भरला.

पॉलिसी आली त्या दिवशी ती पत्नीला वाचून दाखवायला बसलो. आमच्या नोकरीत तिने गॅस, शाळा, बँक, दवाखाना हे सारे एकटीने पाहिलेले. दोन पाने ऐकून ती म्हणाली, "अहो, रक्कम किती ते राहू द्या. हे कुठल्या कपाटात राहणार? आणि पहिला फोन मी कुणाला करायचा? तेवढं लिहून द्या." ती ज्या वेळेबद्दल बोलत होती त्या वेळी आम्ही घरात नव्हतो. एका कागदावर आम्ही लिहिले: पॉलिसीचा क्रमांक, पीपीओ आणि डिस्चार्ज बुक कुठे आहे, फंडाचे विस्तारित संरक्षण, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, बँकेची शाखा. आमच्या सगळ्या लेखनात हा मजकूर सर्वांत नीट वाचला गेला असावा. तिने दोन शब्द न लागल्यामुळे पुन्हा लिहून घेतले.

मध्यंतरी आमचा एक माजी विद्यार्थी सुट्टीवर आला होता. तो अग्निवीर. २०२२ च्या या योजनेत सेवेची चार वर्षे अठ्ठेचाळीस लाखांचा विमा असतो आणि त्याचा हप्ता जवानाला भरावा लागत नाही. चार वर्षांनी जास्तीत जास्त पंचवीस टक्के मुले कायम होतात. उरलेल्यांना सेवानिधी मिळतो, निवृत्तिवेतन नाही, आणि तो विमाही संपतो. आम्हांला निदान पन्नास आणि तीसमधले अंतर मोजायचे होते. या मुलाला शून्यापासून मोजावे लागेल, तेही पंचविशीच्या आत. त्याने विचारले, "सर, बाहेर आल्यावर कोणती पॉलिसी घेऊ?"

आम्ही त्याला मुदतीच्या विम्याबद्दल सांगितले, विचारतील ते खरे लिही असे सांगितले, आणि मग त्याच्या आत्ताच्या कागदावर कुणाचे नाव आहे ते विचारले.

"आईचं," तो म्हणाला. "पण तिचं नाव आधार कार्डावर वेगळं आहे, सर. माहेरचं. ते बदलायचं राहिलंय."

संध्याकाळ झाली होती. आम्ही कोरा कागद काढला आणि त्याला बसायला सांगितले.