कान ऐकतोय असं वाटलं पाहिजे

अकोला

चि. माई,



जिवंत दिसेल अशी भरून ठेवायला घेतलेल्या बोकडाच्या मुंडीचं कातडं नीट निघालं, पण कान वाळून पापडासारखे आखडले, असं लिहिलंस. खचू नकोस. चेहऱ्यात सगळ्यात अवघड कानच.

कान आखडतो तो आतल्या कूर्चेमुळे. वाळताना ती आक्रसते आणि कातड्याला ओढून घेते, म्हणून ती काढायची. कानाच्या मागचं कातडं सैल असतं, तिथून सुरुवात कर. चमच्याचा बोथट दांडा कातडं आणि कूर्चा यांच्या मधे घालून हळूहळू शेंड्याकडे सरकव आणि उशीचा अभ्रा उलटतो तसा कान उलटत जा. आतल्या बाजूचं कातडं कूर्चेला घट्ट चिकटलेलं असतं. तिथं घाई केली की भोक पडलंच. कडेशी आलीस की दांडा खाली ठेव, नखानं सोडव.

माझ्या पहिल्या कानाचं बोटभर टोक मी उलटलंच नव्हतं. तेवढ्यानं काय होतंय, असं वाटलं. मीठ तिथं पोचलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी टोकाचे केस चिमटीत आले. मीठ न लागलेली जागा आधी कुजते, आणि गेलेले केस परत लावता येत नाहीत. म्हणून बारीक मीठ कडेकडेनं चोळ. दुसऱ्या दिवशी ओलं झालेलं झटकून नवं लाव.

काढलेली कूर्चा टाकू नकोस. तिच्याच आकाराचा पातळ साचा कागदाच्या लगद्याचा कर, डाव्या-उजव्याची खूण करून. कातडं कमावलं की तो आत बसव, दोन्हीकडून पुठ्ठा लावून चिमटे मार. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. कडा आधी वाळून वळतात. त्यांच्यावर ओलं फडकं ठेव.

मुंडी खाटकाकडून घेताना न भाजलेली माग, हातमोजे घाल. रानातल्या जनावराला मात्र हात लावायचा नाही. परतवाड्याच्या रस्त्यावर ससा मेलेला दिसला तरी वनखात्याला कळवायचं. १९७२चा वन्यजीव कायदा तसं सांगतो, आणि मेळघाट उशाशी असलेल्या आपण तो मनापासून पाळावा. हे काम परवानगीनं कसं होतं ते बघायचं तर बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातलं केंद्र बघ. २००९ साली ते सुरू झालं. तिथं मेलेल्या वाघ-बिबट्यांना रूप देणारे डॉ. संतोष गायकवाड परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवत. आधी शरीर कळलं, मग हात चालला.

तूही तेच कर. आपल्या बेरारी शेळ्यांचे कान लांब, लोंबणारे. चार दिवस संध्याकाळी गोठ्यात बस. पाटीचा आवाज आला की कान बुडाशी कसा उचलला जातो, टोक तेव्हा कुठं असतं, बघ. हालचाल बुडातल्या स्नायूंत असते. तिथं मातीचा उंचवटा दिला नाहीस, तर साचा कितीही सुबक असो, कान चिकटवल्यासारखा दिसेल.

पुढच्या मुंडीचा एकच कान कर. उरलेल्या कानासकट कातडं मीठ न लावता फ्रीझरमध्ये ठेव. रविवारी मी सकाळच्या गाडीनं अमरावतीला येतो, तेव्हा दुसरा कान आपण दोघं मिळून उलटू.

तुझा मामा