आधी भाकर

पाचवीत असताना मधल्या सुट्टीत वर्गातल्या एका मुलाने मला विचारलं होतं, "तुम्ही मिशनच्या भाकरीसाठी बाटलात ना?" कुठल्यातरी मोठ्या माणसाच्या तोंडून त्याने ते ऐकलं असणार, कारण त्याच्या आवाजात खोडसाळपणा नव्हता. घरी आल्यावर मी आजीला विचारलं. ती चुलीपुढे बसून बाजरीची भाकर थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "माझी सासू भाकरीसाठीच आली होती. त्यात लाजायचं काय?"

आजीची सासू म्हणजे माझी पणजी. 1876 ते 1878 चा दख्खनचा मोठा दुष्काळ पडला तेव्हा ती दहा-अकरा वर्षांची होती. नगरला अमेरिकन मराठी मिशन 1831 पासून होतं. दुष्काळानंतरच्या वर्षांत नगर जिल्ह्याच्या गावोगावच्या महार-मांग वस्त्यांतून पुष्कळ कुटुंबं ख्रिस्ती झाली. तेव्हापासून हा टोमणा आमच्यामागे आहे. आमच्यातले शिकलेले लोक त्यावर लगेच तयार उत्तर देतात: छे, आमचे पूर्वज सत्याच्या शोधात आले. आजीने असलं उत्तर कधी दिलं नाही.

गेली तीस-बत्तीस वर्षं मी पाळक होऊ पाहणाऱ्या मुलामुलींना नवा करार मूळ ग्रीकमधून शिकवतो आहे. योहानाच्या सहाव्या अध्यायाशी आलो की दरवर्षी मला ती चूल आठवते. पाच भाकरी आणि दोन मासे यांवर पाच हजार माणसं जेवली, ती गोष्ट या अध्यायात आहे. पुनरुत्थान सोडलं तर येशूचा हा एकच चमत्कार मत्तय, मार्क, लूक, योहान या चारही शुभवर्तमानांत आला आहे. म्हणजे पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांना ही गोष्ट टाळून पुढे जाता येत नव्हतं.

"चमत्कार" हा शब्द मात्र योहानाला आवडत नसावा. पहिली तीन शुभवर्तमानं अशा कृत्यांना बहुधा "सामर्थ्याची कृत्यं" म्हणतात. योहान "सेमेइऑन" म्हणतो, म्हणजे खूण, चिन्ह. आपल्याकडे चमत्काराशिवाय नमस्कार नाही, असं म्हणतात. योहानाची गोष्ट नेमकी या म्हणीच्या विरुद्ध जाते, पण ते पुढे येईलच.

आधी ती शिदोरी पाहू. योहानात ती एका मुलाजवळ आहे. भाकरी जवाच्या होत्या, हे फक्त योहान सांगतो. जव हे गरिबाचं धान्य. नव्या कराराच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायात, दुष्काळाचा भाव दिला आहे: एका दिनाराला एक माप गहू, त्याच दिनाराला तीन मापं जव. मी एकदा हौसेने जवाचं पीठ दळून आणलं. गव्हासारखा चिकटपणा त्या पिठाला नसतो. उकड काढून मळलं तरी थापताना कडा फाटतात आणि भाकर गार झाली की वातड होते. गालीलातल्या मुलाच्या आईने ती बहुधा निखाऱ्यावर किंवा मातीच्या भट्टीत भाजली असेल. पण चव तीच, थोडी कडवट आणि मातकट.

माशांसाठी योहानाने वापरलेला शब्द मला फार लोभस वाटतो. इतर तिघे साधा "मासे" हा शब्द वापरतात. योहान "ऑप्सारिऑन" म्हणतो. मूळ शब्द "ऑप्सॉन", म्हणजे भाकरीबरोबर तोंडी लावायला जे असेल ते. आणि त्याचं हे लघुरूप. वर्गात याचा अर्थ सांगताना मला एकच शब्द सुचतो आणि तो नगर-मराठवाड्याकडच्या मुलांना चटकन कळतो: कोरड्यास. गालील सरोवराच्या काठी मगदला नावाचं गाव होतं आणि ग्रीक लोक त्याला खारवलेल्या मासळीवरून ओळखत. तेव्हा ते दोन मासे म्हणजे कोकणातल्या खारवलेल्या बांगड्यासारखं काहीतरी, भाकरीचा घास उतरावा म्हणून घेतलेलं. एका पोराची दुपारची शिदोरी, एवढंच.

समोर पाच हजार पुरुष. बायका-पोरं वेगळी, असं मत्तय आवर्जून सांगतो. येशूचा शिष्य फिलिप हिशेब करतो: दोनशे दिनारांच्या भाकरी आणल्या तरी प्रत्येकाला थोडी थोडीही पुरणार नाही. माझे विद्यार्थी फिलिपला अल्पविश्वासी ठरवून मोकळे होतात. पण त्याचा हिशेब तपासून पाहा. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. वाटेवरच्या गरिबाला कमीत कमी किती भाकर द्यावी, याचा नियम मिश्ना या यहुदी नियमसंग्रहात आहे, आणि त्या भाकरीची किंमत दिनाराचा बारावा हिस्सा धरली आहे. म्हणजे दोनशे दिनारांत चोवीसशे भाकरी. पाच हजारांत वाटल्या तर माणशी अर्धीही येत नाही. फिलिपचं गणित चोख होतं. आणि एवढे दिनार जवळ असते, तरी त्या रानात चोवीसशे भाकरी भाजून देणारं कोण होतं?

मग येशू लोकांना बसवतो. इथे मार्ककडे वळावं लागतं. मार्कचं ग्रीक खडबडीत, पण डोळ्यांनी पाहिल्यासारखं. गवत हिरवं होतं, असं तो सांगतो. म्हणजे वसंत ऋतू. यहुद्यांचा वल्हांडण सण जवळ आला होता असं योहानही म्हणतो, आणि त्या प्रदेशात जवाची सुगी वल्हांडणाच्याच सुमाराला. लोक शंभर-शंभर, पन्नास-पन्नासचे गट करून बसले. त्या गटांसाठी मार्कने दोन शब्द दुहेरी करून वापरले आहेत. पहिल्याचा अर्थ मेजवानीला एकत्र बसलेली मंडळी. आपल्या भाषेत, पंगती पंगती. दुसऱ्याचा मूळ अर्थ भाजीचे वाफे. हिरव्या गवतावर वाफे वाफे करून बसलेली माणसं!

पंगत म्हटली की मराठी माणसाला विचारायला नको की त्यात काय काय आलं. कोण कोणाशेजारी बसणार, कोण कोणाच्या हातचं खाणार. ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झालेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी स्मृतिचित्रांत आपलं सोवळं कसं हळूहळू सुटत गेलं ते लिहिलं आहे आणि त्यात स्वतःला जराही सोडलेलं नाही. गालीलातही जेवणाचे नियम कडक होते. मार्कमध्ये पुढच्याच अध्यायात शिष्य हात न धुता भाकरी खातात, म्हणून तक्रार होते. त्या माळरानावर पाच हजारांत कोणाचे हात शुद्ध आणि कोणाचे अशुद्ध, हे विचारायची सोयच नव्हती. तुझा विश्वास आहे का, असंही कोणाला विचारलं गेलं नाही. येशूच्या कितीतरी चमत्कारांत, विशेषतः आजारी माणसांना बरं करताना, विश्वासाची गोष्ट निघते. इथे निघत नाही. वाफ्यात बसलेला, भुकेलेला, एवढी पात्रता पुरली.

आता मुख्य क्षण. चारही शुभवर्तमानांत तो सापडत नाही. भाकरी वाढल्या, दुप्पट झाल्या, टोपलीत उगवल्या, असं एकही वाक्य नाही. येशूने भाकरी घेतल्या, आभार मानले, मोडल्या, दिल्या. लोक खाऊन तृप्त झाले. उरलेल्या तुकड्यांच्या बारा टोपल्या भरल्या. मधली पायरी गाळलेली आहे. चमत्कार दाखवण्याचीच हौस असती तर लिहिणाऱ्याने याच जागी चार पानं खर्ची घातली असती.

ही मोकळी जागा भरायचा मोह पुष्कळांना झाला. एकोणिसाव्या शतकात हाइनरिख पाउलुस या जर्मन पंडिताने सुचवलं की लोकांनी झोळीत शिदोऱ्या लपवल्या होत्या. येशूने आपलं वाटलेलं पाहून त्यांनाही लाज वाटली, त्यांनी आपापलं बाहेर काढलं आणि सगळ्यांना पुरलं. हे स्पष्टीकरण अजून आमच्या कितीतरी व्यासपीठांवरून ऐकू येतं. विवेकवादी मित्रांनाही ते आवडतं, कारण त्यात कोणालाच अडचण होत नाही. मला ते पटत नाही. मजकुरात त्याला एका शब्दाचाही आधार नाही. शिवाय त्याने गोष्टीची दिशाच उलटते: ज्यांच्याकडे काही नव्हतं त्यांना मिळालं, ही बातमी जाते आणि ज्यांच्याकडे होतं त्यांनी लपवू नये, हा उपदेश उरतो. दुष्काळात माझ्या पणजीच्या झोळीत लपवलेली भाकर नव्हती.

हे घडलं, असं मी मानतो. कसं घडलं ते मला सिद्ध करता येणार नाही आणि योहानाला त्याची गरजही वाटलेली नाही. प्राचीन धर्मगुरू ऑगस्टीनने या गोष्टीवरच्या प्रवचनात शेतकऱ्याला पटेल असं काही म्हटलं आहे. त्याचा आशय असा: मूठभर दाण्यांतून शेतभर पीक दरवर्षी येतं, पण ते रोजचं झालं म्हणून आपण त्याचं नवल करत नाही. देवाने तेच काम एका दुपारी, आपल्या हातांनी, आपल्या नजरेसमोर केलं.

त्या चार क्रियांकडे परत येतो. घेतली, आभार मानले, मोडली, दिली. मार्कच्या शेवटच्या भोजनात जवळजवळ याच क्रिया याच क्रमाने येतात. आम्ही रविवारी प्रभुभोजनाला बसतो तेव्हा पाळकाचे हात हेच करतात. गालील सरोवराच्या काठी तबगा इथे पाचव्या शतकातलं मोझॅइक आहे: दोन बाजूंना दोन मासे, मध्ये टोपली, टोपलीत क्रूसाची खूण असलेल्या भाकरी. त्या चारच दिसतात. पाचवी शेजारच्या वेदीवर, असं तिथे सांगतात. हा अर्थ कारागिराच्या मनात होता की नंतर सुचला, देव जाणे. पण मला तो आवडतो.

जेवण झालं आणि आता ती म्हण. लोकांनी चमत्कार पाहिला आणि नमस्काराला धावले. येशूला बळजबरीने राजा करायचं, असं त्यांनी ठरवलं. भाकर देणारा राजा कोणाला नको? ते ओळखून तो एकटाच डोंगरावर निघून गेला. दुसऱ्या दिवशी लोकांनी त्याला कफर्णहूमात गाठलं. तिथे त्याने स्पष्ट सांगितलं की तुम्ही खूण पाहिली म्हणून आला नाहीत, पोट भरलं म्हणून आलात. नाशवंत अन्नासाठी नको, टिकणाऱ्या अन्नासाठी झटा. आणि ती जीवनाची भाकर मी आहे. हे ऐकून त्याच्या मागे फिरणारेही पुष्कळ जण सोडून गेले.

या अध्यायाची ही बाजू सहसा कोणी सांगत नाही. भाकरीसाठी आलेल्यांना येशू बोलतो, खरंच बोलतो. पण तो आदल्या दिवशी जेवू घातल्यानंतर, उपाशीपोटी उपदेश करून नव्हे. आणि ते निघून जातात तेव्हा त्यांना भाकरीची आठवण करून देत नाही. तुम्ही माझं खाल्लंत, आता माझ्या मागे या, असं एकही वाक्य त्याच्या तोंडी नाही. उरलेल्या बाराजणांनाही तो विचारतो की तुम्हालाही जायचं आहे का. दार उघडंच आहे. माझ्या लेखी या चमत्काराचा ख्रिस्ती विश्वासाला लागू पडणारा अर्थ हाच आहे. ज्या मिशनने किंवा मंडळीने भाकर देऊन माणूस बांधून ठेवला, तिने या अध्यायाशी द्रोह केला, हे मी ख्रिस्ती म्हणूनच म्हणतो. तसं कुठे घडलंच नाही, असं मी म्हणणार नाही.

पण पणजीचं आजीने पुढे सांगितलं होतं, ते त्या मुलाला सांगायचं राहून गेलं. दुष्काळ संपला, पाऊस पडला, सुगी आली. मिशनच्या भाकरीला आलेली कितीतरी घरं परत फिरली. त्यांना कोणी अडवलं नाही. पणजीच्या माहेरीही ज्वारी झाली. तरी ती दर रविवारी दीड कोस चालत उपासनेला येत राहिली. जाताना पदरात आपली भाकर बांधून न्यायची.