मटारचे दिवस

बाजारात मटार आला की आमच्या गोल्डफिशचीही चंगळ. दाणे बिनमिठाच्या पाण्यात उकळायचे, गार झाले की साल काढायची, आतला गर कुस्करून टाकीत सोडायचा. या माशाला जठरच नसतं; खाल्लेलं सरळ आतड्यात जातं. म्हणून रोजच्या कोरड्या खाद्यात असा तंतुमय, ओला घास मला फार मोलाचा वाटतो.

सकरफिशला मात्र काकडी हवी. टाकीतला दिवा बंद केला की स्टीलच्या काट्याला चकती टोचून तळाशी ठेवते. रात्रभर तो तिला चिकटून गर खरवडत राहतो. सकाळी उरलेली चकती आधी बाहेर, मग माझा चहा. भाजी कुजली की पाण्यात अमोनिया वाढतो आणि तो माशांच्या कल्ल्यांना बाधतो.