मांडीवरचा वारस

बीरगांव (रायपूर),
कार्तिक शुद्ध एकादशी

तीर्थस्वरूप आत्यास,


आपल्या पत्रात असे विचारले होते की, ज्या घराण्यात स्त्रीला गादीवर बसण्याचा हक्कच नव्हता, त्या नागपूरकर भोसल्यांच्या घरात दुसऱ्या रघुजींच्या पत्नी बाकाबाई यांचा शब्द चाळीस वर्षे कसा टिकला. याचे उत्तर त्यांच्या करारी स्वभावात शोधले जाते, आणि तो स्वभाव खराही होता. परंतु त्याहून मोठे कारण दत्तकविधानात, म्हणजे दुसऱ्याच्या मुलाला विधिपूर्वक आपल्या कुळाचा मुलगा करून घेण्याच्या अधिकारात आहे.

युरोपातील उत्तर-मध्ययुगीन दरबारांशी तुलना केली म्हणजे या अधिकाराचे मोल ध्यानात येते. इंग्लंडच्या गादीसाठी 1455 नंतर तीस वर्षे चाललेल्या भाऊबंदकीत मार्गारेट ऑफ आंजू आणि मार्गारेट बोफर्ट या दोघींचे राजकारण पोटच्या एकेका मुलावर उभे होते. पहिलीचा मुलगा 1471 मध्ये लढाईत पडताच तिचा पक्ष संपला, तर दुसरीचा मुलगा 1485 मध्ये सातवा हेन्री म्हणून राज्यावर आला. मराठी राज्यांत मुलगा नसला तरी तो घेता येत असे. त्यातही महाराष्ट्रात प्रमाण मानलेल्या नीलकंठभट्टांच्या ‘व्यवहारमयूखा’च्या परंपरेत, पतीने मनाई केलेली नसेल तर विधवेला त्याच्या पूर्वपरवानगीवाचूनही दत्तक घेता येई, जी मोकळीक बंगालच्या परंपरेत नव्हती. त्यामुळे निपुत्रिक राजा वारला की त्याची विधवा केवळ शोक करणारी बायको राहत नसे. गादीचा पुढचा धनी कोण, या प्रश्नात तिचे मत प्रत्येक पक्षाला हवे असे.

जानोजी भोसले 1772 मध्ये निपुत्रिक वारले तेव्हा हेच घडले. धाकटे बंधू मुधोजी यांचा मुलगा रघुजी वारस म्हणून ठरला होता, परंतु दुसरे बंधू साबाजी यांनी कारभार बळकावला आणि जानोजींच्या पत्नी दर्याबाई कधी साबाजींच्या, कधी मुधोजींच्या बाजूने उभ्या राहिल्या. या पक्षबदलाला चंचलपणा म्हणणे सोपे असले तरी जिच्या संमतीशिवाय कोणाचाही दावा पुरता शुद्ध ठरत नाही, तिने ती संमती एकदाच देऊन टाकणे म्हणजे हातातले एकमेव नाणे खर्चून बसणे होते. अखेर 1775 मध्ये नागपूरजवळ पाचगावच्या लढाईत साबाजी मुधोजींच्या हातून मारले गेले, आणि वाद तलवारीने मिटल्याबरोबर दर्याबाईंच्या संमतीचे मोलही उतरले.

बीरगांवावरून बिलासपूरकडे जाणारा रस्ता पुढे जेथे पोहोचतो, त्या रतनपुरात याची दुसरी बाजू दिसते. नागपूरच्या भोसल्यांचे सेनापती भास्करपंत यांच्या फौजेने 1741 च्या सुमारास हैहयवंशीयांच्या या राजधानीवर तोफा डागल्या, तेव्हा पुत्रशोकाने खचलेल्या राजा रघुनाथसिंहांऐवजी त्यांच्या एका राणीने तटावर चढून तहाचे निशाण दाखविले. रतनपूर असे भोसल्यांकडे आल्यावर पुढे तेथेच राज्य केलेले, जानोजींचे बंधू बिंबाजी भोसले 1787 मध्ये वारले. त्यांच्या एक पत्नी उमाबाई सती गेल्या, तर दुसऱ्या, आनंदीबाई, यांनी मागे राहून कारभारावर हक्क सांगितला. नागपूरहून छत्तीसगड ज्यांच्या वाट्याला आले त्या व्यंकोजींशी त्यांचा संघर्ष झाला आणि शेवटी तडजोड निघाली: नाव आनंदीबाईंचे, पण वसुली व न्यायनिवाडा नागपूरने नेमलेल्या सुभेदारांकडे. मांडीवर अल्पवयीन वारस नसलेल्या विधवेला त्या व्यवस्थेत मान मिळाला, सत्ता मिळाली नाही.

बाकाबाईंनी हा फरक ओळखला असावा. मुधोजींचे पुत्र दुसरे रघुजी 1816 मध्ये वारल्यावर त्यांचा विकलांग मुलगा परसोजी याचा सांभाळ आपल्या हाती ठेवून कारभार चालविण्याचा त्यांचा प्रयत्न व्यंकोजींचे पुत्र अप्पासाहेब यांनी हाणून पाडला. 1817 च्या फेब्रुवारीत परसोजी मृत आढळले आणि नोव्हेंबरात इंग्रजांशी सीताबर्डीची लढाई झाली. अप्पासाहेब पदच्युत झाल्यावर 1818 मध्ये दुसऱ्या रघुजींचा नातू, तिसरे रघुजी म्हणून, गादीवर बसविण्यात आला. बालराजाची देखभाल आणि वाड्याचा कारभार बाकाबाईंकडे राहिला, राज्याचा कारभार मात्र इंग्रज रेसिडेंट, म्हणजे दरबारी नेमलेला ईस्ट इंडिया कंपनीचा प्रतिनिधी, रिचर्ड जेंकिन्स पाहू लागला. छत्तीसगडचे ठाणे रतनपूरहून रायपूरला हलले ते याच व्यवस्थेत.

तिसरे रघुजी 11 डिसेंबर 1853 रोजी दत्तक न घेता वारले. जुन्या रीतीने हा राणीवशाच्या अधिकाराचा क्षण होता. परंतु गव्हर्नर-जनरल डलहौसीने विधवांचा दत्तकाधिकार राज्यापुरता मानलाच नाही आणि 1854 मध्ये राज्य खालसा केले, म्हणजे कंपनीच्या मुलखात विलीन केले. वाड्यातील जडजवाहीर लिलावासाठी कलकत्त्याला गेले. 1857 च्या उठावात बाकाबाईंनी आपल्या माणसांना अलिप्त ठेवले आणि 1858 मध्ये त्यांचे निधन झाले. त्या अलिप्ततेला कोणी भीती म्हणतात, कोणी फितुरी. घराण्याला अजून मान्य करून घ्यायचा एक वारस होता, हेही विसरता येत नाही.

राण्यांनी दत्तक घेतलेल्या यशवंतराव अहिररावांना, म्हणजे नव्या नावाने जानोजींना, उठावानंतर सरकारने मान्यता दिली, आणि सातारा जिल्ह्यातील देऊर गावाच्या नावाने ‘राजेबहादूर’ ही पदवीही दिली. दत्तक शेवटी खरा ठरला तो मुलगा म्हणून. तेव्हा त्याच्यासाठी गादी उरली नव्हती, आणि गादी नसल्यावर तिचा वारस ठरविणाऱ्या बाईची गरजही कोणाला उरली नाही.



आपली भाची