कथाखेळांची बारनिशी

ग्रंथालयात सूचिकार म्हणून तीस वर्षे काढल्यानंतर, ज्या नोंदींनी माझ्या शास्त्राची खरी परीक्षा घेतली त्या छापील ग्रंथांच्या नव्हत्या, तर संगणकावर निव्वळ शब्दांनी खेळावयाच्या कथांच्या होत्या, हे मला मोकळेपणाने नमूद केले पाहिजे. या कथाखेळांना चित्रांची गरज नसते. पडद्यावर एखाद्या स्थळाचे वर्णन उमटते, वाचक ‘उत्तरेस जा’, ‘दिवा लाव’ अशी आज्ञा टंकतो, आणि त्या आज्ञेबरहुकूम कथा पुढे सरकते.

या परंपरेचा मूळपुरुष म्हणजे ‘ॲडव्हेंचर’. केंटकीतील मॅमथ गुहांच्या मोजणीत स्वतः भाग घेतलेल्या विल क्राउदर यांनी तो १९७५-७६च्या सुमारास रचला आणि १९७७मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वुड्स यांनी एकूण ३५० गुण मिळविता येतील इतका वाढविला. पुढे डेव्हिड प्लॅट यांनी ५५० गुणांचा पाठ सिद्ध केला, १९९५मध्ये वुड्स यांनीच ४३० गुणांचा. आणि क्राउदर यांची अस्सल संहिता कायमची गेली असे लोक धरून चालले असता, २००५मध्ये ती वुड्स यांच्या विद्यार्थिदशेतील संगणक-खात्याच्या जपून ठेवलेल्या प्रतीत सापडली. पोथ्यांचे पाठभेद ज्याने हाताळले आहेत त्याला येथली अडचण तत्काळ उमगेल: कृती एक मानावी की चार, आणि कर्ता म्हणून नाव कोणाचे घालावे?

१९९२मध्ये फोल्कर ब्लासियस यांनी जर्मनीत अशा खेळांचे सार्वजनिक भांडार उघडले व त्यामुळे शेकडो कृती वाचल्या. परंतु भांडार म्हणजे सूची नव्हे. फाईल सुरक्षित असूनही तिचा कर्ता, काळ आणि पाठ यांचा दाखला कोठेच नसेल, तर शोधणाऱ्याच्या दृष्टीने ती नसल्यातच जमा. ही उणीव भरून काढण्याच्या प्रयत्नांत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो मायकेल रॉबर्ट्स यांनी २००७मध्ये उभारलेला ‘इंटरॲक्टिव्ह फिक्शन डेटाबेस’. तेथे कोणाही वाचकाने नोंद करावी, दुसऱ्याने तिची रुजवात घालावी, तिसऱ्याने सन दुरुस्त करावा, आणि प्रत्येक फेरफार दप्तरी राहावा, असा शिरस्ता आहे. बिनपगारी माणसांच्या हाती सूची सोपविल्यास ती बिघडेल, असे आमच्या व्यवसायातील पुष्कळांचे मत आहे; माझा अनुभव याच्या नेमका उलट आहे.

कृती ओळखण्यासाठी २००६मध्ये ‘बॅबेलचा तह’ या नावाचा संकेत ठरला आणि प्रत्येक खेळास स्वतंत्र क्रमांक मुक्रर झाला. जुन्या खेळांना असा क्रमांक कोठून असणार? तेव्हा तो त्यांच्या फाईलमध्येच कोरलेल्या खुणांवरून काढावयाचा, अशी तजवीज केली गेली. ‘झॉर्क’ या जुन्या कथाखेळाच्या पहिल्या भागाच्या ८८व्या आवृत्तीवर ८४०७२६ असा आकडा आढळतो, तो उलगडला की २६ जुलै १९८४ ही तारीख हाती येते. मुखपृष्ठ फाटलेल्या ग्रंथाच्या आतल्या पानावर मुद्रकाचे नाव व साल मिळावे, तसा आनंद मला त्या सहा अंकांनी दिला.

रॉबर्ट्स यांच्या सूचीत आणखी एक रकाना आहे, जो ग्रंथालयाच्या कोणत्याही पत्रिकेवर मी पाहिलेला नाही: खेळ किती क्षमाशील आहे. अँड्र्यू प्लॉटकिन यांनी लावलेल्या श्रेणीप्रमाणे ज्यात वाचक कधीच अडकत नाही तो खेळ दयाळू, आणि ज्यात भरून न येणारी चूक घडून गेल्यानंतरही तिचा सुगावा लागत नाही तो क्रूर. मधल्या तीन पायऱ्या वाचकाला सूचना केव्हा मिळते यावर ठरतात. कृती वाचकाशी कसे वागते याची नोंद घेणे, हे मी सूचिशास्त्रातील खरे पुढचे पाऊल समजतो.

शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची केली, म्हणून आज त्यांतील कित्येक पुस्तकांचा निदान मागमूस लागतो. कथाखेळांच्या ‘इंटरॲक्टिव्ह फिक्शन डेटाबेस’ या सूचीतही भाषेचा रकाना आहे. मराठीत असा एखादा कथाखेळ आपण रचला असेल, किंवा कोणी रचल्याचे आपल्या माहितीत असेल, तर त्याचे नाव, कर्ता आणि पहिल्या प्रकाशनाची तारीख तेथे कृपया नोंदवावी. कर्ता हयात असताना हे काम अर्ध्या तासाचे आहे.