राखणीच्या कुत्र्याचे सांधे

‘मॅडम, सांध्याची पावडर चालू करू का?’ देवळाली कॅम्पात हा प्रश्न मला दोन ठिकाणांहून येतो. लॅम रोडच्या बंगल्यांतून, जिथला लॅब्रॅडॉर दिवसभर व्हरांड्यात पडून असतो. आणि दारणाकाठच्या मळ्यांतून, जिथला कुत्रा रात्रभर उसाच्या कडेने फिरतो. मला काळजी वाटते ती जास्त करून दुसऱ्याची. उसात बिबट्या असतो. पळता न येणारं कुत्रं तिथे फार दिवस राहत नाही.

लंगडणारं कुत्रं आलं की मी आधी हात लावत नाही. मालकाला दोरी धरून त्याला दुडक्या चालीने न्यायला सांगते, आधी सिमेंटवर, मग मातीवर. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर जातं. मागचा दुखत असेल तर कंबरेची ती बाजू जास्त वरखाली होते. कुत्र्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार तसाही पुढच्या पायांवर असतो, त्यामुळे मागचा खुबा दुखणारं कुत्रं उरलेला भारही हळूहळू पुढे ढकलतं आणि महिनोन्‌महिने कुणाला कळत नाही. कळतं ते एवढंच, की पूर्वी टेम्पोत उडी मारायचा, आता पुढचे पाय टेकवून उभा राहतो.

मग बोटांच्या बेचक्यांपासून वर दाबत जायचं. कधी तोडलेल्या उसाच्या बुडख्याने तळवा फाटलेला असतो. कधी आज एक पाय, उद्या दुसरा, सोबत ताप आणि फिकट हिरड्या. तेव्हा मला पहिला संशय गोचीड तापाचा येतो आणि मी रक्त तपासायला पाठवते. त्याला डॉक्सिसायक्लिन लागतं. कुठल्याही पावडरीने तो जात नाही.

आणि कधी कारण याहून वाईट असतं. १९९३च्या बॉम्बस्फोटांनंतर ३,३२९ किलो आरडीएक्स हुडकून देणारा मुंबई पोलिसांचा कुत्रा ‘जंजीर’ १६ नोव्हेंबर २००० रोजी हाडाच्या कर्करोगाने गेला. मोठ्या जातींत हा कर्करोग बहुधा पायाच्या लांब हाडात धरतो आणि सुरुवातीला नुसतं लंगडणं दिसतं. ‘वयाचं असेल’ म्हणत तीन महिने पावडरीचा डबा चारला, तर उपचाराचे तेच तीन महिने हातचे जातात. म्हणून एक्स-रेचे पैसे डब्याच्या आधी खर्च करा, असं मी सांगते. मळ्यातल्या माणसाला हा खर्च जड जातो हे मला माहीत आहे, तरीही सांगते.

तपासणीअंती झिजलेले सांधेच निघाले, तर? बाजारातल्या बहुतेक डब्यांत ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन असतं. ग्लुकोसामाइन कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून काढतात, आणि कूर्चेला कच्चा माल मिळाला की ती भरून येईल अशी त्यामागची कल्पना. कल्पना पटण्यासारखी आहे, पण चाचण्यांत ती टिकली नाही. २००७च्या एका छोट्या अभ्यासात ७० दिवसांनी थोडा फरक दिसला होता. पुढे २०२२ साली कॅनडातल्या संशोधकांनी कुत्र्या-मांजरांवरच्या चाचण्या एकत्र तपासल्या आणि या जोडीचा उपयोग होत नाही, सांधेदुखीसाठी ती देणं थांबवावं, असं स्पष्ट लिहिलं. त्याच तपासणीत ओमेगा-३ युक्त आहाराच्या बाजूने मात्र चांगला पुरावा निघाला.

म्हणून माझा कल माशाच्या तेलाकडे आहे, विशेषतः मळ्यातल्या कुत्र्यासाठी. भाकरी, ताक आणि उरलंसुरलं यावर जगणाऱ्या जनावराच्या पोटात ओमेगा-३ जवळजवळ जातच नाही. पण मात्रा पुरेशी हवी. औषधाच्या दुकानातल्या साध्या १००० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये कामाचं ओमेगा-३ साधारण ३०० मिलिग्रॅमच असतं, तेव्हा ३० किलोच्या कुत्र्याला एका कॅप्सूलने काही होत नाही. किती द्यायचं ते वजन करून डॉक्टरकडून ठरवून घ्या आणि हळूहळू वाढवा, नाहीतर जुलाब लागतात. जवसाचं तेल स्वस्त पडतं, घरात असतं, म्हणून लोक तेच देतात. पण जवसातल्या ओमेगा-३चं हवं ते रूप कुत्र्याच्या शरीरात फारच थोडं बनतं. त्यापेक्षा उकडून काटे काढलेली तारली किंवा बांगडा बरा.

बंगल्यातल्या लॅब्रॅडॉरला मी डब्याऐवजी वजनकाटा लिहून देते. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या लावून, एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला घालत ती सगळी मरेपर्यंत सांभाळली. कमी खाणाऱ्यांचं आयुर्मान १३ वर्षं भरलं, दुसऱ्यांचं ११.२, आणि कमी खाणाऱ्यांचे सांधे झिजायलाही उशिरा लागले. हा अभ्यास कुत्र्यांचं खाद्य विकणाऱ्या कंपनीने केला होता आणि ‘कमी खायला घाला’ हा निष्कर्ष तिच्याच धंद्याच्या विरुद्ध जातो, म्हणून मला तो अधिकच विश्वासाचा वाटतो. जर्मन शेफर्डच्या पिल्लाला ‘हाडं मजबूत व्हावीत’ म्हणून कॅल्शियमचं सिरप पाजणं तर ताबडतोब थांबवावं. मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लात जादा कॅल्शियमने हाडांची घडणच बिघडते.

थंडीत कुत्र्याला फरशीवर झोपवू नका, खाली दोन पोती टाका. दिवसभर बांधून ठेवलेल्याला रात्री एकदम पळायला लावू नका; आधी दहा मिनिटं चालवा. दुखणं खरंच जास्त असेल तर मेलोक्सिकॅमसारखं कुत्र्याला चालणारं औषध डॉक्टरच्या देखरेखीखाली द्यावं. घरातली आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकची गोळी कधीही नाही. तिने आतड्याला व्रण पडतात, मूत्रपिंडं निकामी होतात.

एवढं करूनही कुणाला डबा आणायचाच असेल, तर माझी एक विनंती असते. सुरू करण्याआधी कुत्र्याच्या चालीचा मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि दोन महिन्यांनी त्याच जागेवर पुन्हा काढा. पैसे घातले की मालकाला सुधारणा दिसू लागते, आम्हा डॉक्टरांनाही दिसते. हे अभ्यासांत नोंदलेलं आहे. दोन्ही व्हिडिओंत चाल सारखीच असेल तर डबा बंद करा आणि ते पैसे मासळीवर, गोचिडांच्या औषधावर घाला.